भुशाखाली राखलेले हिम



आपल्या प्रदेशात मृग नक्षत्र जवळ आले की घरोघरी बेगमीची धांदल उडते. सरपण कोरडे आहे तोवर माळ्यावर चढते; कडधान्ये, पापड, सांडगे, लोणची डब्यांत आणि बरण्यांत बंद होतात. कोकणात हिला आगोटीची बेगमी म्हणतात, तर गोमंतकात पुरुमेंत. पावसाळ्यात जे मिळणार नाही ते उन्हाळ्यातच साठवून ठेवावे, हा या रीतीमागील साधा विचार आहे. आता याच्या अगदी उलट प्रकारची एक बेगमी पाहू या. युरोपातील एका पहाडी गावाचे लोक हिवाळ्यातील हिम उन्हाळाभर साठवून ठेवतात आणि पुढच्या हिवाळ्याची चाहूल लागताच ते उघडून त्यावर धावतात. हे हिम का साठवावे लागते, ते वितळत कसे नाही आणि त्यावर धावणारे खेळाडू पहिल्या दिवसांत कोणता अभ्यास करतात, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

स्की-दौड म्हणजे काय?

आरंभी दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. पाणी गोठून जो कठीण, पारदर्शक गोळा बनतो तो बर्फ. आणि आकाशातून कापसासारखे भुरभुरत पडते ते हिम. हिमाचा थर साचलेल्या भूमीवर साध्या पादत्राणांनी चालू गेल्यास पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून उत्तरेकडील लोकांनी फार प्राचीन काळी पायांना लांब, अरुंद फळ्या बांधून हिमावरून सरकत जाण्याची युक्ती शोधून काढली. या फळ्यांना स्की म्हणतात.

स्कीचे खेळ मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. एकात खेळाडू उंच उतारावरून वेगाने खाली घसरत येतो. दुसऱ्यात तो हातांतील दोन काठ्यांच्या आधाराने मैलोगणती अंतर स्वतःच्या बळावर तोडतो. आपला विषय हा दुसरा प्रकार आहे. त्यास आपण स्की-दौड म्हणू. या शर्यतीचा मार्ग आखताना साधारणतः एक-तृतीयांश चढ, एक-तृतीयांश उतार आणि एक-तृतीयांश लहानसहान चढउतारांची जमीन असावी, असा संकेत आहे. स्कीला पायाचे फक्त बोटांकडील टोक बांधलेले असते. टाच मोकळी राहते. त्यामुळे धावपटूप्रमाणे पाऊल उचलता येते. पाय, कंबर, पाठ, खांदे, दंड अशा सर्वच अंगांना यात एकाच वेळी श्रम पडतात. म्हणूनच दमश्वासाची कसोटी पाहणाऱ्या खेळांत याची गणना अगदी वरच्या पंक्तीत होते. फ्रान्समधील शामोनी येथे १९२४ साली पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हापासून हा खेळ त्यात आहे. स्त्रियांची स्की-दौड १९५२ च्या ऑस्लो येथील सामन्यांपासून सुरू झाली. स्वीडनमध्ये १९२२ पासून चालत आलेली 'वासालोपेत' ही शर्यत तर तब्बल ९० किलोमीटरांची आहे.

हिवाळा उशिरा, शर्यत मात्र वेळेवर

जागतिक चषकाच्या शर्यती नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतात. म्हणजे खेळाडूला हिमावरचा सराव ऑक्टोबरअखेर तरी हाती लागावयास हवा. पण निसर्ग आपल्या वेळापत्रकाला बांधलेला नाही. आल्प्स पर्वतातील मध्यम उंचीच्या दऱ्यांत ऑक्टोबर महिन्यात टिकाऊ हिम क्वचितच पडते. त्यातच गेल्या काही दशकांत पृथ्वीचे तपमान वाढत चालल्याने आल्प्समधील हिमाच्छादनाचा काळ आखूड होत आहे. पूर्वी अनेक खेळाडू उन्हाळ्यात आणि शरदात उंचावरील हिमनद्यांवर जाऊन सराव करीत. त्या हिमनद्याही आक्रसत आहेत. शिवाय तेथे आणखी एक अडचण असते. अडीच-पावणेतीन हजार मीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते की, जोमाने धावू जाता दम लवकर लागतो आणि दमलेल्या शरीराला अचूक पदन्यास शिकविणे कठीण होते.

या अडचणीतून मार्ग काढणाऱ्या गावांपैकी एक म्हणजे स्वित्झर्लंडच्या पूर्व भागातील दावोस. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवर वसलेले हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्षयरोग्यांचे आरोग्यस्थान म्हणून प्रसिद्धीस आले. जानेवारीतील आर्थिक परिषदेमुळे त्याचे नाव आज वृत्तपत्रांतून आपल्या वाचनात येते. परंतु स्की-दौडीच्या जगात ते दुसऱ्याच कारणाने ओळखले जाते. २००८ पासून येथील लोक हिवाळ्यात हिमाचा मोठा ढीग रचतात, त्यावर लाकडाच्या भुशाचा सुमारे ४० सेंटिमीटर जाडीचा थर पसरतात आणि उन्हाळाभर त्यास तसेच राहू देतात. ऑक्टोबरात भुसा बाजूला सारून ते हिम यंत्रांनी फ्ल्युएला दरीत पसरले जाते. महिन्याच्या अखेरीस सुमारे चार किलोमीटर लांबीचा शुभ्र पट्टा तयार होतो. भोवतालची कुरणे अजून पिवळसर-तपकिरी असतात, आणि त्यांमधून ही एकच पांढरी वाट वळणे घेत गेलेली असते.

भुसा हिमाला कसा वाचवतो?

भुशात बर्फ टिकतो, ही गोष्ट आपल्याला सर्वस्वी नवी नाही. लग्नकार्यासाठी आणलेली बर्फाची लादी गोणपाटात आणि भुशात गुंडाळून ठेवलेली वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. १८३३ साली अमेरिकेतील बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातील सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे असा बर्फ मुंबई आणि मद्रासलाही येऊ लागला. मद्रासला तो ठेवण्यासाठी बांधलेली इमारत आज विवेकानंद हाऊस म्हणून उभी आहे.

यामागील शास्त्र तीन मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला मुद्दा उष्णतेच्या वहनाचा. भुशाच्या कणांमध्ये हवा अडकून राहते आणि स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते. रजई आपल्याला ऊब देत नाही, ती आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही; तद्वत भुसा हिमाला थंडावा देत नाही, तो बाहेरची ऊब आत येऊ देत नाही.

दुसरा मुद्दा माठाचा. वितळलेले थोडे पाणी भुसा शोषून घेतो आणि ते त्याच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन उडून जाते. एक ग्रॅम हिम वितळविण्यास ८० कॅलरी उष्णता पुरते. परंतु एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५९० कॅलरी लागतात. म्हणजे भुशातून उडून जाणारे प्रत्येक ग्रॅम पाणी एवढी उष्णता घेऊन जाते की, जिच्यायोगे सात ग्रॅमांहून अधिक हिम वितळले असते. आपला मातीचा माठ वैशाखात पाणी गार ठेवतो, तो याच नियमाने.

तिसरा मुद्दा भूमितीचा. घनाची बाजू दुप्पट केली तर त्याचा पृष्ठभाग चौपट होतो, पण घनफळ आठपट होते. उष्णता शिरते ती पृष्ठभागातून. म्हणून लहान लहान दहा ढिगांपेक्षा एकच मोठा, घट्ट दाबलेला ढीग अधिक काळ टिकतो.

दावोस येथेच स्वित्झर्लंडची हिम आणि हिमप्रपात यांचा अभ्यास करणारी ख्यातनाम संशोधनसंस्था आहे. तेथील संशोधकांनी लेसर किरणांच्या साहाय्याने ढिगाचे घनफळ उन्हाळ्यापूर्वी आणि उन्हाळ्यानंतर मोजले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दावोसच्या ढिगातील सुमारे तीन-चतुर्थांश हिम शिल्लक राहिले होते. इटलीतील मार्टेल येथील तशाच ढिगात हे प्रमाण दोन-तृतीयांशाहून किंचित कमी भरले.

आता एक उदाहरण वहीत सोडवून पाहा. समजा, ४ किलोमीटर लांब, ५ मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड असा हिमाचा पट्टा ऑक्टोबरात हवा आहे. त्यास १०,००० घनमीटर हिम लागेल. उन्हाळ्यात एक-चतुर्थांश नष्ट होणार असेल, तर वसंतात किती हिम झाकून ठेवावे? उत्तर तेरा हजार तीनशे घनमीटरांहून थोडे अधिक येते. साठवणूक करणाऱ्याने तूट आधीच हिशेबात धरली पाहिजे, हा व्यवहारी धडा या गणितातून सहज मिळतो.

पहिल्या आठवड्यांतील अभ्यास

पट्टा खुला झाला की तेथे नामांकित खेळाडू येतात, गावातील हौशी मंडळी येतात आणि शाळकरी मुलेही येतात. खेळाडू विद्यार्थ्यांसाठी दावोसला स्वतंत्र क्रीडाशाळा आहे. एवढी वर्दळ, आणि वाट अवघी चार किलोमीटरांची! त्याच त्या फेऱ्या पुनःपुन्हा घालाव्या लागतात. आपल्याला वाटेल की सहा महिने हिमाची वाट पाहिलेला खेळाडू पहिल्याच दिवशी बाणासारखा सुटत असेल. प्रत्यक्षात जाणता खेळाडू या दिवसांत मुद्दाम सावकाश धावतो.

याचे पहिले कारण शरीरशास्त्रात आहे. जगातील अग्रगण्य स्की-धावक वर्षाकाठी सुमारे ७५० ते ९५० तास सराव करतात आणि त्यातील फार मोठा भाग मंद गतीचा असतो. मंद म्हणजे किती? सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, इतका. एखाद्याच्या हृदयाचे ठोके जास्तीत जास्त मिनिटाला २०० पडत असतील, तर अशा सरावात ते सुमारे १२० ते १५० यांच्या दरम्यान राहतात. या मंद परंतु दीर्घ श्रमांनी हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंतील सूक्ष्म केशवाहिन्या वाढतात आणि शरीर चरबीचे इंधन अधिक प्रमाणात वापरावयास शिकते. वेगवान सराव आवश्यक असतोच, पण तो मोजका आणि ठरवून केलेला असतो. तालमीतला वस्ताद नव्या मल्लाला पहिल्याच दिवशी फडात उतरवीत नाही. त्याच्याकडून आधी दंड-बैठका काढवून घेतो. येथील न्यायही तोच आहे.

दुसरे कारण उंचीचे. दावोसच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबापेक्षा सुमारे एक-षष्ठांशाने कमी असतो. सखल प्रदेशातून आलेल्या खेळाडूच्या प्रत्येक श्वासात प्राणवायू तितकाच कमी येतो. पहिले काही दिवस वेग आवरला नाही तर थकवा साचत जातो आणि तो भरून येण्यास शर्यतीच्या तोंडावरचे मोलाचे दिवस खर्ची पडतात. त्यात हवा थंड आणि कोरडी. अशा हवेत जोरजोराने श्वास घेतल्यास श्वासनलिकेस इजा पोहोचते. स्की-धावकांत दम्याचा विकार बराच आढळतो, त्याचे हे एक कारण आहे. म्हणून हळूहळू अंग तापविणे आणि कडाक्याच्या थंडीत तोंडावर वस्त्र घेणे, या गोष्टींना तेथे शिस्तीचे स्थान आहे.

तिसरे कारण सर्वांत मनोरंजक आहे. उन्हाळ्यात हे खेळाडू डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्की वापरून सराव करतात. पारंपरिक शैलीसाठी असलेल्या या चाकांपैकी काही एकाच दिशेने फिरतात. ती मागे फिरत नाहीत. त्यामुळे पाय मागे रेटताना वेळ थोडी चुकली तरी पकड सुटत नाही. खऱ्या स्कीची गोष्ट निराळी. ती धनुष्यासारखी किंचित कमानदार असते आणि तिच्या मधल्या भागाला खालून चिकट मेण लावलेले असते. दोन्ही पायांवर भार विभागलेला असताना ही कमान हिमापासून वर राहते आणि स्की सुरळीत घसरते. संपूर्ण भार नेमक्या क्षणी एकाच पायावर आला की कमान दबते, मेण हिमाला धरते आणि शरीर पुढे फेकले जाते. तो क्षण चुकला की पाय मागे सटकतो. हे मेणही रोजच्या तपमानानुसार निवडावे लागते. कालचे मेण आज चालेलच असे नाही.

सारांश, उन्हाळ्यात चाकांनी ज्या दोषांवर पांघरूण घातले, ते दोष हिम पहिल्याच दिवशी उघडे करते. म्हणून पहिल्या आठवड्यांत खेळाडू कधी काठ्या बाजूला ठेवून केवळ पायांवर तोल साधतात, कधी एकाच स्कीवर शक्य तितके दूर घसरत जातात, कधी पाय स्थिर ठेवून फक्त काठ्या रेटतात. अशा वेळी घड्याळ पाहावयाचे नसते. वेगाच्या मोहात चुकीची सवय जडली तर ती पुढे मोडणे अवघड जाते, हे त्यांना ठाऊक असते.

साठवलेले बळ कामी येते

अशा सावकाश साठवलेल्या बळाचा उपयोग काय, हे पाहण्यासाठी दावोसशी निकटचा संबंध असलेल्या दारिओ कोलोन्या या स्विस खेळाडूचे उदाहरण पुरेसे आहे. २०१० साली व्हँकुव्हर येथे १५ किलोमीटरांच्या शर्यतीत त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले होते. सोची येथील ऑलिंपिकला जेमतेम तीन महिने उरले असताना, नोव्हेंबर २०१३ मध्ये, धावण्याच्या सरावात त्याच्या घोट्याचे अस्थिबंध तुटले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. हंगामाचे आरंभीचे सारे आठवडे हातचे गेले. तरीही फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची येथे त्याने एक नव्हे तर दोन सुवर्णपदके जिंकली आणि २०१८ साली प्याँगचांग येथे चौथे सुवर्णपदक मिळविले. तीन महिन्यांत हरपले ते वरवरचे होते. अनेक वर्षांच्या धीम्या सरावाने आत जे रचले गेले होते ते शाबूत राहिले. भुशाखालच्या हिमाचा वरचा थर जातो, गाभा राहतो; तसेच हे झाले.

दावोसने केलेला प्रयोग एकट्याचा नाही. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकसाठी कॅनडातील कॅनमोर येथे उभारलेल्या केंद्रातही २००९ पासून भुशाखाली हिम राखून ऑक्टोबरात वाट तयार केली जाते. फिनलंडमधील वुओकाट्टी येथे तर १९९७ साली एक किलोमीटरहून लांब असा बोगदाच बांधला गेला. तेथे कृत्रिम थंडाव्यात उन्हाळ्यातही स्की-दौड करता येते. मात्र बोगद्याला अखंड वीज लागते. भुसा निमूटपणे आपले काम करतो आणि पुढील वर्षी पुन्हा वापरता येतो.

आपल्या देशातही हा खेळ आहे. काश्मीरमधील गुलमर्ग येथे १९४८ पासून सैन्याचे पर्वतीय युद्धशिक्षणाचे केंद्र असून तेथे जवानांना स्कीचे शिक्षण मिळते. २०१४ साली नदीम इक्बाल यांनी आणि २०१८ साली जगदीश सिंग यांनी हिवाळी ऑलिंपिकच्या स्की-दौडीत भारताचे प्रतिनिधित्व केले. नोव्हेंबरात सरावाची वाट मिळणे आणि न मिळणे यातील अंतर किती मोठे असते, हे वर वाचलेल्या विवेचनावरून तुमच्या लक्षात येईलच. गुलमर्गला दाट हिम पडते ते पुष्कळदा डिसेंबर-जानेवारीत, आणि तोवर जगातील शर्यती अर्ध्यावर आलेल्या असतात.

येथे एक सत्य मात्र विसरता कामा नये. भुसा चार किलोमीटरांची वाट राखू शकतो. तो पर्वत राखू शकत नाही. पृथ्वी तापत राहिली तर जानेवारीत झाकण्याजोगे हिमच पुरेसे मिळणार नाही, आणि मग उत्तमोत्तम भुसाही निरुपयोगी ठरेल. साठवणुकीची कला ही मूळ ठेव शाबूत असेपर्यंतच कामाची असते.

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांनी हिम पाहिले नसेल, आणि स्कीवर पाय ठेवण्याचा योगही कित्येकांना येणार नाही. परंतु वार्षिक परीक्षा तुम्हा सर्वांनाच आहे आणि तीही ठरल्या दिवशीच येते. जून-जुलैत शिकलेल्या धड्यांपैकी काही भाग फेब्रुवारीपर्यंत विस्मरणात जाणारच. ढिगाचा चौथा हिस्सा जसा जातो तसा. म्हणून निराश होण्याचे कारण नाही. तूट गृहीत धरून थोडे अधिक साठवावे, अधूनमधून उजळणीचा भुसा त्यावर पसरावा आणि अभ्यासाच्या पहिल्या दिवसांत वेगापेक्षा अचूकपणाला जपावे. ज्याचा गाभा घट्ट रचलेला आहे, त्याला ऋतू उशिरा आला तरी चिंता नसते.